पाटकर काकांची लाल डबी

आमच्या सोसायटीतले पाटकर काका दर रविवारी सकाळी नऊ वाजता गाडीला औषध पाजतात. पाजतात म्हणजे अक्षरशः पाजतात. आधी टाकीच्या झाकणाभोवती ओला फडका फिरवायचा. मग खिशातून पत्र्याची लाल डबी काढून कानाशी हलवून बघायची. इंजिन साफ करायचं ते औषध टोपणात मोजून घ्यायचं आणि ते टाकीत ओतताना स्वतःची मान मागे न्यायची. शेवटी गाडीच्या पाठीवर दोनदा थोपटायचं. गाडीने ढेकर द्यायचीच काय ती बाकी असते.

मी हे गेली चार वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बघतोय. आणि उगाच लपवाछपवी कशाला, जळतोय.

जळू नको तर काय करू? त्यांची गाडी इतकी जुनी की तिच्यात कॅसेट लावायची सोय आहे. माझी नवीकोरी, काही विचारलं तर उत्तर देते. पण त्यांची वीसचं अॅव्हरेज देते आणि माझी घोडबंदर रोडवर बाराच्या पुढे सरकत नाही. हेही सोसलं असतं हो. पण रविवारी त्या खटाऱ्याभोवती जी गर्दी जमते, ती नाही सोसत. सेक्रेटरी येतात, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई येतात. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे ते म्हात्रे येतात. तीन गाड्यांचे मालक, पण काकांपुढे हात जोडून म्हणतात, "काका, माजे गारीला पन पाजा ना जरा!" मी नवी गाडी आणली तेव्हा सेक्रेटरी मला एवढंच म्हणालेले, "रेषेच्या आत लावा."

काकांनी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं इंजिनं उघडली. त्यामुळे त्यांचं सगळं पोटावर. "अहो, पोट बघा पोट! इंजिनाचं काय नि माणसाचं काय." ट्रॅफिक तुंबला की रस्त्याचं पोट बिघडलेलं असतं. लिफ्ट अडकली की दारावर टकटक करून विचारतात, "काय गं, दुखतंय का?" एकटेच राहतात, त्यामुळे या वेडेपणाला घरून विरोध नाही.

एकदा माझ्या बायकोची, माधवीची, स्कूटर ओढेना. काकांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "पोट ठीक आहे, चाकात हवा नाही." माधवी वर आली ती फुलूनच. "काय ऐकतात रे ते! तू कधी ऐकतोस का असं?"

"स्कूटरचं?"

"कुणाचंही."

त्या दिवशी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. पेट्रोलमध्ये वरून असलं काही टाकू नका, असं त्यात ठळक छापलेलं. म्हणजे पुस्तक माझ्या बाजूने होतं, आणि अॅव्हरेज काकांच्या. शेवटी अक्कल गहाण टाकली. ठाण्यात कुणी बघेल म्हणून थेट कल्याणला गेलो आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्या घेऊन आलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिन्ही टाकीत रिकाम्या केल्या. उद्या पूजेला सगळे जमतील तेव्हा माझंही अॅव्हरेज सांगायचं, एवढीच इच्छा.

कापूरबावडीला गाडी आचके द्यायला लागली. पिवळा दिवा लागला. बाजूला घेतली तशी मागच्यांनी हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी माधवीला फोन लावला. तिने मदतीला कुणाला पाठवावं? अर्थात!

काकांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "किती पाजलंत?"

"तीन."

"टोपणं?"

"डब्या."

"आणि पेट्रोल किती होतं?"

"काटा लालवर होता."

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो सावंत, उपाशीपोटी?"

मग त्यांच्या गाडीमागोमाग रडतखडत पंपापर्यंत नेली, टाकी फुल केली. हळूहळू इंजिनाचा आवाज शांत झाला. माझा नाही झाला. "तुमच्या गाडीला बरं चालतं हे!" मी फटकन बोललो.

काकांनी खिशातून लाल डबी काढून माझ्या हातात दिली. हलकी लागली. मी कानाशी हलवली. आवाजच नाही.

"रिकामी आहे," काका म्हणाले. "तीन वर्षं झाली. पहिली खरी होती. ती संपली, दुसरी आणायची राहिली, आणि बघतो तर अॅव्हरेज तेवढंच! पेट्रोलमध्ये साफसफाईचं काय ते आधीच असतं हो. धडधाकट गाडीला वरून काही लागत नाही. हवा बघायची, बेताने चालवायची, संपलं."

"मग दर रविवारी ते नाटक?"

ते फडक्याने हात पुसत राहिले. हात कधीच स्वच्छ झालेले. "हवा बघा म्हटलं की माणूस 'हो काका' म्हणतो नि लिफ्टकडे जातो. डबी काढली की थांबतो. चार शब्द बोलतो. एरवी आठवडाभर मी बोलतो कुणाशी, तर त्या लिफ्टशी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तेवढे कधी खाली आला नाहीत. मला वाटायचं, यांना कळलंय."

मी डबी परत दिली.

दसऱ्याच्या सकाळी पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या, झेंडूचे हार घातलेल्या. काकांच्या बॉनेटवर लाल डबी, तिलाही हळदकुंकू. सगळे जमलेले. तेवढ्यात सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले, "काय सावंत, तुमची नवी गाडी काल कापूरबावडीला बसली म्हणे?"

हशा पिकला. चार वर्षांत पहिल्यांदा सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती. एकच वाक्य बोलायचं होतं: डबी हलवून बघा. सगळी गर्दी माझी झाली असती. खोटं कशाला सांगू, ते वाक्य ओठांवर आलेलं. काका डबी उचलून उभे होते. टोपण धरलेला हात मधेच थांबला होता.

मी म्हटलं, "पोट बिघडलंय हो तिचं. काका, एक टोपण द्याल का?"

काका मग माझ्या गाडीशी आले. झाकणाभोवती फडका फिरवला. डबी कानाशी हलवली. काठोकाठ टोपण मोजलं आणि मान मागे नेऊन ओतलं. "आता बगा, वीसचा देल!" म्हात्रे म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. वर बाल्कनीतून माधवी बघत होती, काकांकडेच. जळलो थोडा, सवयीने.

टोपण लावता लावता काका माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "थेंबभरही सांडलं नाही हं, सावंत."

मी गाडीच्या पाठीवर दोनदा थोपटलं.