जावईबापू, दोन्ही बाजूंनी तळलेला

असा मेंदू शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, असं गरुडदृष्टी स्वतःच सांगत, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं. पोस्टातून निवृत्त होऊन गुप्तहेर झाल्यापासून त्यांनी चार हरवलेल्या वस्तूंचा छडा लावला होता. त्यातले तीन त्यांचेच चष्मे होते, आणि चौथी वस्तू बायकोला सापडली होती.

आज मात्र खरंखुरं प्रकरण हाती आलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात तळलेल्या सँडविचला 'जावईबापू' म्हणतात, हे मालकांच्या खऱ्या जावयाला कालच कळलं होतं. तो बॅग भरूनच उभा होता.

"ह्या नावाचा अर्थ आज कळला नाही, तर मी आईकडे राहायला चाललो," तो म्हणाला. शेजारी त्याची बायको, म्हणजे मालकांची लेक, रडवेली होऊन उभी होती.

गरुडदृष्टींनी सँडविचवर भिंग धरलं. "दोन्ही बाजूंनी तळलंय. अर्थात, माणूस दुतोंडी."

जावयाने बॅग उचलली.

"थांबा. तेल भरपूर पितं. म्हणजे सासऱ्याच्या जिवावर मजा मारणारा."

जावई दारापर्यंत पोचला.

"शिवाय गार झालं की मऊ पडतं..."

"अहो, पुरे," गरुडदृष्टींची बायको म्हणाली. "आचाऱ्याला विचारलंत का?"

"आधी तर्क, मग साक्षीदार," ते म्हणेपर्यंत बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचल्यासुद्धा.

आचारी कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडे एखादा पदार्थ जो पहिल्यांदा मागतो, त्याच्याच नावाने ऑर्डर ओरडतात. बिनमिठाचा टोस्ट म्हणजे डॉक्टरीणबाई. डबल चीज म्हणजे प्लंबर. हे आधी 'निळा शर्ट' होतं. लग्न झालं, मग बदललं."

"मी कधी मागितलं?" जावई दारातूनच म्हणाला.

"तुम्ही नुसते गिऱ्हाईक होता तेव्हा. ताईंच्या हातून सँडविच चिप्सच्या कढईत पडलं. तुम्ही म्हणालात, असू दे, असंच द्या. वर आणखी एक मागितलंत."

गरुडदृष्टींनी वहीत लिहिलं, 'माझा अंदाज बरोबर ठरला.' कुठला, ते लिहायचं टाळलं.

लेकीने डोळे पुसले. "पार करपलं होतं ते. मग दुसरं कशाला मागितलंत?"

जावई बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"पहिलं संपलं होतं," तो म्हणाला. "नुसता बसलो असतो, तर तुझ्या बाबांनी उठवलं असतं."