हॉलच्या मधोमध पलंग

आमच्या वरच्या मजल्यावरचे मेश्राम सर कुणाच्याही घरी गेले की आधी सामान हलवतात, मग चहा घेतात. आमचा फ्रीज त्यांनी तीनदा हलवला. तिसऱ्यांदा तो कायमचा बंद पडला, तेव्हा म्हणाले, "म्हनजे पहिलीच जागा बरोबर होती."

सर कॉलेजात पेशींवर संशोधन करतात. पेशीच्या केंद्रकात एक आरएनए असतो म्हणे, त्याच्यापासून प्रोटीन काही बनत नाही. "मग त्याचा उपयोग काय?" असं मी विचारून बसलो आणि माझ्या तर्रीपोह्यांच्या बशीचं केंद्रक झालं. मधोमध शेंगदाणा ठेवून सर म्हणाले, "हा काहीच बनवत नाही, फक्त बसून राह्यते. पन कुठं बसला ते पाहा! जागेवर असला का आजूबाजूचे जीन गप. हलवला का सारे बोंबलाले लागले." पोहे गार झाले, तरी खाऊ देईनात.

त्यांच्या घरी हॉलच्या ऐन मधोमध पलंग आहे. त्यावर त्यांची मोठी बहीण, अक्का. लकव्यानं तिचं बोलणं गेलं, उठणं गेलं; नजर मात्र शाबूत आहे आणि तिच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही. येणारा जो तो पलंगाला वळसा घालून सोफ्यावर पोचतो.

सरांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच करायचं ठरलं, तेव्हा मेश्राम वहिनी म्हणाल्या, "एक दिवस मागच्या खोलीत ठेवा ना अक्काले. पाहुणे काय उड्या मारत येतीन?" सर दोन दिवस अडून बसले, मग हरले.

पलंग हलला आणि अर्ध्या तासात हॉल पेटला. "आमी पाहुने, आन् आमाले काहून प्लॅस्टिकच्या खुर्च्या?" मुलाचे काका गरजले. सोफ्यावरून मुलीचा मामा बाह्या सरसावत उठला. काकांनी अंगठीची डबी परत खिशात घातली. मुलगी रडकुंडीला आली. आणि सरांचा पत्ता नाही!

एवढ्यात मागून चाकांची घरघर ऐकू आली. घामाघूम झालेले सर अक्कासकट पलंग ढकलत आत शिरले. "सरका गा!" मामा एकीकडे झाला, काका दुसरीकडे. अक्कानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. काकांनी मुकाट्यानं डबी बाहेर काढली.

जेवणाच्या वेळी मी टाळीसाठी हात पुढे केला. "मानलं सर! प्रयोग सिद्ध झाला."

सर अक्काला भात भरवत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"कायचा प्रयोग गा? तुमचं भांडन मले आयकूबी नाही आलं. अक्का भिंतीकडं तोंड करून रडून राहिली होती, म्हनून आनली."