भर उन्हातली बत्ती

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोळे मिटून घ्यावेत अशा भर उन्हात, एक मातकट ॲम्बेसिडर दोन पिवळे दिवे लावून संथपणे येताना दिसली, की समोरचा माणूस हात वर करी, पाचही बोटं जुळवी आणि फाकवी, पुन्हा जुळवी आणि फाकवी. रस्त्यावरच्या भाषेत याचा अर्थ एकच: बाबा रे, तुझी बत्ती चालू राहून गेली. एरवी अशी खूण पाहिली की गाडीवाला जीभ चावतो आणि घाईघाईनं बटण दाबतो. देवरावकाकाजी गाडी आणखी हळू करत, खिडकीतून हात बाहेर काढत आणि तीच खूण उलट करून दाखवत. वर खणखणीत आवाजात सांगत, "हाव, चालूच आहे! दिसली नं? मंग झालं!"

समोरचा माणूस सायकलवरून पाय टेकून बराच वेळ मागे पाहत राही.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. आमच्या भागात तेव्हा मोटारी मोजक्याच, आणि दिवसा दिवे लावून फिरणारी मोटार असलीच तर वरातीची किंवा मंत्र्याची. काकाजी नवरदेव नव्हते आणि मंत्रीही नव्हते. सौंसरच्या तहसिलीत बाबू म्हणून उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. सौंसरच्या अलीकडे त्यांची संत्र्याची बाग होती. सकाळी बागेत जायचं आणि ऊन कलायच्या सुमारास पांढुर्ण्याला घरी परतायचं, हा त्यांचा नेम. मी त्यांच्या शेजारी राहणारा शाळामास्तर. सुटीच्या दिवशी ते मला गाडीत घालून नेत. वाटेत बोलायला माणूस लागे, आणि धक्का मारायलाही.

"दिसलं पाह्यजे बाप्पा!" हे त्यांचं पालुपद. त्यापायी त्यांनी घरात चुन्याचा डबा कायमचा भिजवून ठेवला होता. उंबऱ्याला चुना, पायऱ्यांच्या कडांना चुना, विहिरीच्या काठाला चुना, तुळशीवृंदावनाभोवती चुन्याचं रिंगण. न्हाणीपर्यंत जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पांढरे दगड मांडलेले. पोळा लांब असताना एकदा त्यांनी गाईची शिंगंही रंगवली. एका सकाळी उठून पाहतो तो माझ्या फाटकाचे दोन्ही खांब पांढरेशुभ्र! मी विचारायला गेलो तर म्हणाले, "तुमच्याच भल्याचं करून राहिलो गुरुजी. धडकलं कोनी म्हंजे?" माझ्या फाटकावर आजवर कोणी धडकलं नव्हतं, पण चुना फुकट लागला होता, म्हणून मीही गप्प बसलो.

वर्षातून एकच दिवस त्यांना काही दिसू नये असं वाटे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला पांढुर्णा आणि सावरगाव जांब नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकत असताना काकाजी गाडी घरामागे नेत, वर ताडपत्री, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या, आणि स्वतः राखणीला. "आज न दिसली तंच बरं," असं म्हणत ते तिथेच खाटेवर लवंडत.

गल्लीनं त्यांना डोक्यानं सुटलेला माणूस ठरवून टाकलं होतं. खरी गोष्ट फक्त आम्हा एक-दोन घरांना ठाऊक होती. काकाजींच्या बायकोचे, शांताकाकूंचे, डोळे जात होते.

काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेली ती नजर परत यायची नाही, उरलेली जपा. काकूंना माणसं धूसर झाली होती, पण उजेड कळे. खिडकी कळे, समईची ज्योत कळे, ऊन पडलेलं पितळी भांडं कळे आणि पांढरा चुना कळे. काकूंची एक जुनी सवय होती. दुपार कलली की ओसरीवर खांबाला टेकून बसायचं, मारुतीच्या देवळाजवळच्या वळणावर गाडी दिसली की उठायचं आणि चुलीवर चहा ठेवायचा. काकाजी हातपाय धुवेपर्यंत चहा ओसरीत हजर. लग्न झालं तेव्हा गाडीच्या जागी सायकल होती, एवढाच फरक.

एके दिवशी ती धुळीच्या रंगाची गाडी वळणावरून आली, दारापुढे उभी राहिली, आणि काकू बसल्याजागी म्हणाल्या, "कोन आहे जी? ते घरी नाहीत अजून."

काकाजींनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा त्यांचं पालुपद तोंडातून आलं नाही. म्हणाले, "आवाज तिले आइकू येते, गुरुजी. हे खटारं तं साऱ्या गावाले आइकू येते. पन तिले पाहाची सवय आहे. मी दिसलो पाह्यजे."

तेव्हापासून बत्तीचं खूळ सुरू झालं. आधी ते नेहमीचेच मोठे दिवे लावून येऊ लागले. पण कधी लावायला विसरत, कधी घरी आल्यावर बंद करायला विसरत, आणि मग बॅटरी उतरून सकाळी निम्मी गल्ली गाडीमागे धक्का मारायला. शेवटी त्यांनी ठरवलं की दिवसासाठी वेगळे दिवे हवेत, आणि ते गाडीच्या किल्लीबरोबर आपोआप लागावेत आणि विझावेत. आमचा शेषराव बॅटरीवाला हे ऐकून कपाळाला हात लावून बसला.

"काकाजी, दिवसा बत्ती लावाची तं सूर्याले काय काम देता?"

"त्याचं तो पाहून घेईन. तू तार जोड."

शेषरावानं स्कूटरचे दोन दिवे आणले आणि तार थेट बॅटरीला जोडली. दिवे लागले, छान लागले, ते लागूनच राहिले. सकाळी पुन्हा गल्ली गाडीमागे. दुसऱ्या खेपेला त्यानं तार किल्लीच्या मागे जोडली, पण कुठे काय चुकलं कोण जाणे, दिवे लागले की भोंगाही वाजे. तशीच गाडी घेऊन काकाजी बाजारातून आले. लोकांनी वाट दिली, म्हणून त्यांना ते आवडलंही होतं. काकूंनी मात्र आतून सांगितलं, "बत्ती असू द्या, बोंब नको." मग कुठे काम जमलं.

जमलं की नाही हे ठरवायची परीक्षा मारुतीच्या वळणावर झाली. काकू ओसरीत, काकाजी गाडीत, मी मधे निरोप्या. काकाजी ओरडले, "अवं, दिसून राहिली काय?" काकूंनी मान तिरपी केली, डोळ्यांवर हात धरला. "थोडंसं. पांढरं पांढरं." मग काकाजींनी काचांना पिवळा रंग लावला, मागे घासून लख्ख केलेल्या पितळी ताटल्या बसवल्या, गाडी पुन्हा वळणावर नेली. या वेळी विचारायची गरज पडली नाही. काकू एकदम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं माय! दोन झेंडू येऊन राहिले!" काकाजी गाडीतून उतरले ते किल्ली तशीच ठेवून, आणि दिव्यांसमोर उभे राहून त्यांनी उगाचच उपरण्यानं काच पुसली. त्यांचे डोळेही त्यांनी त्याच उपरण्यानं पुसले.

या दिव्यांनी रस्त्यावर काय काय घोटाळे केले ते सांगायलाच हवेत. सौंसरच्या वाटेवरच्या एका गावात कुणी पुढारी यायचे होते. लोक ताटकळले होते. दूरवर उन्हाच्या झळांमध्ये दोन दिवे तरंगताना दिसले आणि बँडवाल्यांनी सुरुवात केली. गाडी थांबली, दार उघडायच्या आत काकाजींच्या गळ्यात हार. दुसरा कोणी असता तर खुलासा करून निघून गेला असता. काकाजी हार सावरत उतरले, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "भाऊ हो, मानसानं दिसलं पाह्यजे." टाळ्या पडल्या. खरे पुढारी आले तेव्हा हार संपले होते, आणि त्यांच्या गाडीला दिवे नसल्यामुळे बराच वेळ ते कोणाच्या लक्षातही आले नाहीत, असं म्हणतात.

बोटांच्या खुणेचं तर भलतंच झालं. काकाजी रोज उलट खूण करत, त्यामुळे लोकांना वाटू लागलं की हा रामरामच आहे. वेचणीच्या बाया कापसाच्या वावरातून बोटं उघडमीट करत. बैलगाडीवाले करत. पुढे पुढे काकाजी नसतानाही लोक एकमेकांना तसाच रामराम घालू लागले. सौंसरच्या बस स्टँडवर दोन धोतरवाले म्हातारे गंभीर चेहऱ्यानं एकमेकांना 'तुझी बत्ती चालू आहे' असं सांगताना मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आंबिया बहराच्या दिवसांत त्या रस्त्यानं जाणं म्हणजे जागेपणी झोपेत जाण्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा फुललेल्या, वासानं डोळे जड झालेले. काकाजींची गाडी माणसानं चालावं तशी चाले. लांबवर रस्ता पाण्यासारखा हले, त्यातून एखादी बैलगाडी निघे आणि पुन्हा त्यातच विरघळे. वाटेवरची माणसं हात वर करून बोटं उमलवत, मिटवत. काकाजी एका हातानं चाक धरून दुसऱ्यानं उत्तर देत. मला कितीदा तरी वाटे की पांढुर्णा येऊच नये.

अशाच एका दुपारी आम्ही बागेतून परत निघालो होतो. बराच रस्ता मागे पडल्यावर काकाजींनी गाडी हळू केली. समोरून वेचणीच्या बाया येत होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पदर सावरले आणि बाजूला झाल्या. हात कोणीच वर केला नाही.

"गुरुजी," काकाजी म्हणाले, "आज कोनी बोटं नाही केली."

आम्ही उतरून पाहिलं. दोन्ही दिवे विझलेले. काकाजींनी मोठ्या दिव्यांचं बटण दाबलं, तेही गेलेले. समोरून जळक्या रबराचा वास येत होता. इंजिन मात्र खुशाल धडधडत होतं. काकाजींनी तारा ओढून पाहिल्या, पितळी ताटल्या काढून पुन्हा बसवल्या. मग ते मैलाच्या दगडावर बसले.

"चला काकाजी," मी म्हटलं, "काकूंना सांगू, बत्ती बिघडली म्हणून. उद्या होईल दुरुस्त."

"तुम्हाले समजून नाही राहिलं. तिले आता येवढी बत्तीच उरली आहे. आज नाही दिसली तं तिले वाटन, झालं, डोये पुरे गेले. मंग मी किती बी सांगू का बत्तीच बंद होती, ती नाही मानन. ती म्हनन, माह्या मनासाठी बोलून राहिले. तिले येवढं नाही वाटलं पाह्यजे, गुरुजी. बस, येवढंच."

आधी शेषरावकडे जाऊन दुरुस्ती होईपर्यंत थांबावं तर अंधार पडेल आणि काकू काळजीनं अर्ध्या होतील. शेवटी आम्ही निघालो. इतकी हळू गाडी मी जन्मात पाहिली नाही. गावात शिरल्यावर तर बैलगाड्या आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या. मारुतीच्या वळणावर काकाजींनी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

काकू ओसरीत उभ्या होत्या. चेहरा वळणाकडे. गाडी वळली, आणि काकूंनी हात वर केला.

"आली बाप्पा, आली!" त्या ओरडल्या. "दिसून राहिली! आज तं दोन्ही दिवे कसे झगझगीत दिसून राहिले!"

आणि भिंतीला हात लावत लावत त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी काकाजींकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, पण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. किती दिवसांपासून ती माउली आवाजावर उठत होती आणि उजेडावर उठतेय असं दाखवत होती, कुणास ठाऊक.

काकाजी उतरले, मागून मीही. हातपाय धुतले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते खांबाशी बसून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "झगझगीत दिसनारच नं! आज बल्ब नवे टाकले."

"तंच म्हटलं मी," काकू म्हणाल्या, आणि समाधानानं बशीत चहा ओतला. थोडा खाली सांडला. काकाजींनी तो काकूंच्या नकळत उपरण्यानं टिपला.

मी निघालो तसे ते फाटकापर्यंत आले. जाताना गाडीच्या विझलेल्या दिव्यांवर त्यांनी हात फिरवला.

"सकाळीच शेषरावकडे नेतो," ते हळूच म्हणाले.

बत्ती आता कशाला? हा माझ्या मनातला प्रश्न त्यांना ऐकू आला असावा.

"ती माह्यासाठी येवढं खोटं बोलून राहिली," ते म्हणाले, "तं दिवे तरी खरे पाह्यजेत नं, गुरुजी."