चार धुराड्यांची आगबोट

मनुष्यजातीची प्रगती धुराने मोजावी, याबाबत विद्वानांत एकमत आहे. (ज्यांचे मत वेगळे होते त्यांना त्या वेळी खोकल्याची उबळ आली होती, म्हणून ते नोंदले गेले नाही.)

या तत्त्वाची मनोभावे सेवा केली ती नॉर्वेतल्या हाउगेसुंद बंदरातील 'स्कागेस्टाड आगबोट दलाली व वाहतूक कंपनी'ने. दलाली म्हणजे ज्याच्याकडे माल आहे आणि ज्याच्याकडे बोट आहे, त्या दोघांची परस्पर गाठ पडू नये म्हणून मधे उभे राहणे. कंपनीच्या मालकांमागे त्यांच्या पत्नी आस्लाउगबाईंच्या वाट्याला एक जुनी आगबोट आणि एक धाकटा दीर आला. पैकी बोट चालत असे.

दिराला, म्हणजे ओमुंडला, त्या बोटीत खारवलेल्या हेरिंग माशांची वखार काढायची होती.

"वहिनी, मेअखेर बोट माणसांनी भरली नाही, तर मी मासळी भरणार. मग बोलायचं नाही."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या आणि तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसल्या.

पण अमेरिकेला निघालेली मंडळी शेजारच्या कंपनीच्या दोन धुराड्यांच्या बोटीकडे वळत. एका म्हातारीने कारणही सांगितले. "बाई, तुमच्या बोटीला एकच धुराडं. आमच्या घरालाही एकच. मग घर सोडायचं कशाला?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हते, पत्रा होता. आठवड्यात दुसरे धुराडे उभे राहिले. ते आतून पोकळ असून कशालाही जोडलेले नव्हते. (संचालक मंडळाची रचनाही अशीच होती.) गिऱ्हाईक दुप्पट झाले. मग तिसरे आले, चौथे आले. दहापैकी सात प्रवाशांना बोट पूर्वीपेक्षा वेगवान वाटली. ती तेव्हा धक्क्याला बांधलेली होती.

मग कुणीतरी विचारले, बाकीची धूर का काढत नाहीत? दुसऱ्याखाली स्वयंपाकघर हलवले, तिसऱ्यात मासे धुरावर टांगले. चौथे उरले.

"भावजी, तुम्ही पाइप ओढता ना? चौथ्यात ओढा. हुद्दा आहे. मुख्य धूम्राधिकारी."

ओमुंडला आयुष्यात हुद्दा मिळाला नव्हता. "आत बसायला काय आहे?"

"अधिकारी उभे असतात."

मेअखेर बोट गच्च भरली. बाई जिंकल्या. प्रगतीवर चार शब्द बोलायला त्यांनी कर्णा उचलला, तोच सगळे प्रवासी नातेवाइकांना हात करायला धक्क्याकडच्या कठड्याला धावले आणि चारही धुराडी त्यांच्यामागून कलली.

"वहिनी, मी आडवा होतोय!" चौथ्यातून आवाज आला.

"पाइप सरळ धरा, भावजी!"

बाईंनी भाषण खिशात घातले. "मंडळी, निम्म्यांनी कृपा करून पलीकडे जावं आणि समुद्राला हात करावा."

कुणी हलेना. निम्मे म्हणजे दुसरे, अशी प्रत्येकाची समजूत होती.

वाचकहो, आपणही शीर्षकातली चार धुराडी मोजूनच इथवर आलात. जरा पलीकडे सरकता का?