नऊ खिडक्या आणि एक पायरी

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या शेजारच्या बैसाणेनानांनी तिच्या हातातली खेळण्यातली आगगाडी काढून घेतली, उलटी केली, चाकं मोजली आणि ज्या पाहुण्यांनी ती आणली होती त्यांना परत दिली.

“कोनत्या सालनी शे ही?” नानांनी त्यांना विचारलं.

पाहुणे म्हणजे माझ्या नवऱ्याचे साहेब. बारडोलीहून मुद्दाम आलेले, गुजराती, आणि गाडीला साल असतं हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. ते नुसते हसले. नाना हसले नाहीत. डबे डिझेलच्या जोडगाडीचे आणि वर धुराडं कोळशाच्या इंजिनाचं, असली गाडी जगात कधी धावली नाही, लेकराला पहिल्याच वर्षी खोटं का शिकवता, असं त्यांनी अहिराणीत सांगितलं. साहेबांना त्यातलं फक्त ‘खोटं’ कळलं. मुलगी रडायला लागली. त्या वर्षी माझ्या नवऱ्याची पगारवाढ हुकली, आणि त्याचं कारण ती गाडीच आहे असं मी आजही छातीठोकपणे सांगते. नवरा म्हणतो तसं काही नाही. पण नवरा कुणालाच काही म्हणत नाही, म्हणून तर म्हणायचं सगळं माझ्या वाट्याला येतं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. रेल्वेत फिटर होते आणि निवृत्तीनंतर इथे गुजराती मुलखात, पांडेसऱ्यात, आमच्या सोसायटीत भाड्याने राहायला आले. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्यांची बायको, सखूकाकू, जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे काकूंना मी पाहिलेलं नाही. भिंतीवर फोटो होता तेवढाच. घरात एकटा माणूस, एक स्टोव्ह, आणि बाकी सगळीकडे पत्रा, कातरी, कानस आणि रंगाचे डबे. पाहुण्याला बसायला खाट होती, पण तिच्यावर डब्याचं छत वाळत घातलेलं असायचं. बसलात तर तुमचं नशीब.

नानांच्या आयुष्यात गाडी एकच. सौराष्ट्रातल्या एका छोट्या मीटरगेज शाखेवर त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली. तिथे डिझेलची दोन डब्यांची रेलकार चालायची, तिचं मॉडेल. आता तुम्ही विचाराल की तिचं इंजिन कसं होतं. विचारू नका. मी एकदा विचारलं आणि दूध उतू गेलं.

“तिले येगळं इंजिन नही ऱ्हास, माय. ती सोताच इंजिन शे.”

पुढचा अर्धा तास मी दारात उभी राहून ऐकत होते. डब्याच्या पोटातच डिझेल यंत्र असतं, दोन्ही टोकांना चालवणाऱ्याची खोली असते, परत येताना इंजिन फिरवायची कटकट नाही, आणि इंजिनाची गाडी निघताना जो झटका देते तो ही देत नाही. झटक्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणामुळे सांगतात.

ते मॉडेल साडेतीन वर्षं चाललं होतं. तुपाच्या डब्यांचा पत्रा, लूमच्या फुटक्या बॉबिनची चाकं, सीटांना माझ्याच जुन्या पर्सचं रेक्झिन. (पर्स जुनी आहे हे त्यांनी ठरवलं.) रंगासाठी तर माझा नवरा ज्या डाइंग हाऊसमध्ये नोकरीला आहे तिथे त्यांनी ठाण मांडलं. खिशात एक काडेपेटी, तिच्यात खऱ्या गाडीच्या रंगाची नखाएवढी खपली. मोठ्या दुरुस्तीआधीचा रंग हा, दुरुस्तीनंतरचा वेगळा, आणि आपलं मॉडेल दुरुस्तीआधीचं. रंग जुळवणाऱ्या मास्टरकडे ते सहा वेळा गेले. सहाव्यांदा तो बिचारा हात जोडून म्हणाला, “चाचा, हम साडी रंगते हैं, रेलगाडी नहीं.” नाना म्हणाले, “मंग साडीनं काय साल नही ऱ्हास?” त्यानंतर त्या मास्टरने माझ्या नवऱ्याशी बोलणं सोडलं. आमच्या घरातल्या माणसांचे संबंध अशा रीतीने एकेक करून संपत होते.

सोसायटीच्या गणपतीला मुलांनी थर्माकोलचं स्टेशन केलं, त्यात बोगद्यातून येणारी गाडी. नानांनी पाहिलं, गाडीवर तारेतून वीज घेणारी दांडी होती आणि गाडी डिझेलची होती. पाच दिवस ते आरतीला आले आणि पाचही दिवस तोंड मिटून उभे राहिले. टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. म्हणाले, देवाशी माझं भांडण नाही, पण दांडी काढा. शेवटी विसर्जनाच्या दिवशी कुणीतरी वैतागून दांडी मोडली, तेव्हा आरतीत नानांचा आवाज सगळ्यांच्या वर.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण इथे माझा संताप रास्त आहे.

शहरातल्या मराठी मंडळाने हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं. पहिला नंबर येईल ती वस्तू मंडळाच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात कायमची राहणार. नानांचं मॉडेल त्याच सुमारास पुरं होत आलं होतं. हा माणूस, ज्याने कधी कुणाकडे चहासुद्धा मागितला नाही, मला म्हणाला, “माय, तठे ठेवतीन का तिले? मी गयावर आठला पत्रा भंगारमा जाई.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज असा बारीक झालेला ऐकला. मी म्हटलं, ठेवतील, न ठेवून जातील कुठे.

मीही भरतकाम देणार होते. नाना चिडू नयेत म्हणून त्यांचीच रेलकार मी कापडावर भरली. दीड महिना खपून. मागे डोंगर, पुढे रूळ, कडेला बाभळी. नाना आले, चष्मा वर केला आणि बोटाने मोजायला लागले.

“अकरा?”

“काय अकरा?”

“खिडक्या. नऊ शेतस. अकरा खिडक्यानी गाडी कोनत्या सालनी? पुरावा शे का?”

मी म्हटलं, नाना, हे भरतकाम आहे, शोभेचं आहे. ते म्हणाले, शोभा खरी असली तर काय वाईट दिसते? तुम्ही अशा माणसाशी वाद घालून पाहा. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कापड मांडीवर घेतलं आणि अकरा खिडक्या उसवल्या, नऊ भरल्या. टाके उसवणं म्हणजे काय असतं ते भरणाऱ्यालाच माहीत. कापडावर जुन्या सुईची भोकं राहिली ती राहिलीच.

हे लक्षात ठेवा, कारण प्रदर्शनाच्या दिवशी काय झालं ते आता सांगते.

परीक्षक म्हणून एक निवृत्त रेल्वे इंजिनिअर आले होते, देसाईसाहेब. त्यांनी उमेदवारीत याच रेलकारवर काम केलेलं निघालं. मॉडेलपाशी आले आणि त्यांचा चेहराच बदलला. गुडघ्यावर बसले. रंग पाहिला, दिव्याची जाळी पाहिली, आतली सीटं पाहिली, चालवणाऱ्याच्या खोलीतली तांदळाएवढी मूठ पाहिली. नानांना म्हणाले, “भाई, तमे तो मने पाछो जुवान करी दीधो.” नाना ताठ उभे होते, शाळेत बक्षीस मिळणाऱ्या पोरासारखे. मला खरंच भरून आलं.

मग देसाईसाहेबांचं बोट तिसऱ्या दारापाशी थांबलं.

“आ पगथियुं क्यांथी आव्युं?”

सगळे वाकले. मीही वाकले. प्रत्येक दाराखाली दोन पायऱ्या होत्या, आणि तिसऱ्या दाराखाली तीन. खालची एक जास्तीची, जमिनीपासून नखभर वर, कडा कानसून गोल केलेली. देसाईसाहेब म्हणाले, अशी पायरी या गाडीला कधीच नव्हती, ना दुरुस्तीआधी, ना नंतर.

“माहिती शे माले,” नाना म्हणाले.

“तो काढी नाखो. पहेलुं इनाम तमारुं.”

नुसता पकडीने एक पिळा द्यायचा होता. पक्कड नानांच्याच खिशात होती. हॉलमधले सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. नाना म्हणाले, “नही काढाव.” देसाईसाहेबांनी समजावलं, मंडळाच्या चिटणीसांनी समजावलं. हो ना करता करता नानांनी मॉडेलवर धोतराचं फडकं टाकलं, ते छातीशी धरलं आणि बाहेर चालायला लागले. पहिला नंबर एका लोकरीच्या ताजमहालाला गेला. त्याला मिनार पाच होते, आणि कुणीही ब्र काढला नाही.

मी मात्र सोडलं नाही. रस्त्यावर त्यांना गाठलं, रिक्षात बसवलं आणि उधन्याच्या पुलापर्यंत जे मनात होतं ते सगळं बोलले. माझ्या लेकीची गाडी हिसकावली तेव्हा इतिहास. गणपतीच्या आरतीत तोंड मिटलं तेव्हा इतिहास. माझ्या अकरा खिडक्या उसवल्या तेव्हा पुरावा शे का. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा एक खोटी पायरी काढवत नाही तुम्हाला? साडेतीन वर्षांची मेहनत तुम्ही आज पुन्हा खाटेखाली नेताय. भंगारात जायचं आहे का तिला? रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

नानांनी फडक्याची घडी सारखी केली. मग म्हणाले, “तिना एकुलता एक भाऊ व्हता.”

मी म्हटलं, कुणाचा?

“सखूना.”

त्यांनी सांगितलं ते असं. काकूंच्या भावाचं लग्न होतं धुळ्याकडे. त्या शाखेवरून रेलकारने जंक्शनला जायचं, तिथून पुढची गाडी. स्टेशन इतकं लहान की फलाट नाहीच, नुसता मुरूम टाकलेला. पहिली पायरी गुडघ्याच्या वर. काकूंचा गुडघा धरलेला, नऊवारी नेसलेली, काखेत आहेराचं गाठोडं. नेहमी नाना खालून हात देत, मग त्या चढत. त्या दिवशी गाडी वेगळी लागली, नव्याने शाखेवर आलेली जोडी. नानांनी ट्रंक आत ठेवली आणि पाच पावलं पुढे गेले. चालवणाऱ्याच्या खोलीच्या दारावर लोखंडी पट्टी असते, तिच्यावर गाडी बांधल्याचं साल असतं.

“मी साल वाची ऱ्हायंतू,” नाना म्हणाले. “कोनत्या सालनी शे, ते. इंजिननी गाडी ऱ्हाती तर झटका बसता, माले समजता. ही गाडी झटका देत नही. माले वाटनं उभीच शे. बाहेर देखं तं बाभळी सरकी ऱ्हायन्यात.”

काकू तिसऱ्या दारापाशी खालीच राहिल्या होत्या. एक हात दांडीवर होता, तो त्यांनी सोडून दिला. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. त्या पोचल्या तेव्हा लग्न लागून गेलं होतं, मांडव सोडत होते. एकुलत्या एक भावाला हळद लावायला सख्खी बहीण नव्हती. लोकांना त्यांनी एवढंच सांगितलं की गाडी चुकली. नवरा साल वाचत होता हे मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या रेलकारमध्ये पुन्हा पाय ठेवला नाही. माहेरी जायचं तर पाच कोस चालून एसटीला जायच्या, गुडघा धरून.

“बाकी सगळं तसंच शे, जसं व्हतं,” नाना म्हणाले. “तेवढंच मी खोटं करं. मुद्दाम करं.”

माझा राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा हे कळत नव्हतं. साल वाचणाऱ्या माणसावर काढावा, तर तो समोर फडक्याची घडी करत बसलेला. घर आलं. रिक्षातून उतरताना मी मॉडेल धरलं आणि ते आधी उतरले, मग वळून त्यांनी मला हात दिला. मला गुडघ्याचा काही त्रास नाही. मी हात धरला आणि उतरले.

माझं भरतकाम उत्तेजनार्थ म्हणून परत आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते काढलं, पिवळा रेशमी दोरा घेतला आणि तिसऱ्या दाराखाली एक पायरी भरली. संध्याकाळी नाना आले. सवयीने चष्मा वर केला आणि बोटाने खिडक्या मोजल्या, नऊ. बोट तसंच खाली सरकलं आणि पायरीवर थांबलं. मी वाट पाहत होते, आता विचारतील, पुरावा शे का.

त्यांनी कापडाजवळ तोंड नेलं.

“माय,” ते हळू म्हणाले, “दोन टाका खाले घे. तिना पाय एवढा वर नही येस.”

मी सुई आणली आणि उसवायला बसले.