दाजींचं व्हिसाचं गाऱ्हाणं

ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय दाजी कुठलाही सरकारी अर्ज पुढे जाऊ देत नाहीत. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवाला मोठ्या आवाजात घातलेलं साकडं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या मालवणकडे ते नव्या होडीपासून लग्नापर्यंत सगळ्याला घालतात. पण व्हिसाच्या अर्जाला घालणारा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर एकच, आणि तो माझ्या वाट्याला आलाय.

मी देवबागच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर. म्हणजे पाण्याची मोटर बंद पडली तरी मी आणि पाहुण्याला कोळंबी बाधली तरी मीच. दाजी तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आमची कागदपत्रं बघायला कट्टा गावाहून रोज एसट्या बदलत येतात. पांढरा शर्ट, काखेत फायलींची पिशवी. बायको वारली, मुलगा प्रकाश पंधराएक वर्षांपूर्वी मस्कतला गेला, तो आता फोनवरच भेटतो. त्याच्या व्हिसाचे कागद दाजींनीच केले होते, आणि या विषयातलं त्यांचं शिक्षण तेवढंच. ‘आधी झेरॉक्स, मगे देव,’ असं ते बजावतात. प्रत्यक्षात दोन्ही एकदमच सुरू असतं.

हा सगळा ताप मालकांनी आणला. ते बँकॉकला जाऊन सूप प्यायले आणि इकडे आमची झोप उडाली. ‘गोव्यात मोपाच्या विमानतळावर विमानं उतरतायत, आपल्याकडे थाई जेवण हवंच,’ म्हणून त्यांनी नोई नावाची तिथली आचारीण नक्की केली. ती यायच्या आधी तिचे कागद आले. करार, दाखले, कंपनीची नोंदणी, आणि ज्यावर दाजी आठवडाभर अडून बसले ते आमचं पत्र: या कामाला भारतात माणूस मिळत नाही, म्हणून बाहेरून आणतोय.

‘रे सुधाकर,’ चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, ‘मालवणात रांधूक माणूस गावना नाय, ह्यां मी माझ्या हातान लिवू? माझी आये वर बसान वाचता आसतली!’

शेवटी लिहिलं एकदाचं. मग नारळ आला.

‘बा देवा म्हाराजा! आज ही जी काय नोईबाय, पासपोर्ट नंबर अमुक...’ नंबर त्यांना तोंडपाठ.

‘दाजी, देवाला नंबर कशाला?’

‘देवाकडे हजार नोईबायो आसतीत. खंयची ती तेका कळाक नको?’ आणि पुन्हा वरच्या पट्टीत, ‘कचेरीत कोणाच्या मनात काय शंका-कुशंका इली आसात, तर ती सात समुद्रापलीकडे कर रे म्हाराजा! सर्व्हर पडलो आसात, तर तेका उभो कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ मी म्हणालो. तोवर वेळ संपली म्हणून वेबसाइटने आम्हाला बाहेर काढलं होतं. पुन्हा लॉग इन, पुन्हा सगळी माहिती, पुन्हा गाऱ्हाणं. मी हात टेकले त्या माणसापुढे.

नोई आली. हसरी, कष्टाळू, मराठीचा गंध नाही. नवीन कागद निघाला की दाजी तिलाही नारळासमोर उभं करत, त्यामुळे आमच्या भाषेतलं ती पहिलं काही शिकली असेल तर ते ‘व्हय म्हाराजा’. ओरोसला जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत परदेशी म्हणून तिच्या नोंदणीला गेलो. साहेबांनी तिला इंग्रजीत विचारलं, ‘तुम्ही इथे स्वयंपाकाचं काम करता का?’ नोईने हात जोडले आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, ‘व्हय म्हाराजा!’ साहेबांनी दाजींकडे पाहिलं. दाजी पंख्याकडे बघत होते. साहेबांनी कसंबसं हसू आवरलं आणि नोंदणी करून टाकली.

त्या संध्याकाळी तिने दाजींना सूप दिलं. ‘ह्यां काय, गवती चाय घातलेली सोलकढी?’ असं म्हणत त्यांनी वाडगा रिकामा केला. मग तो नेमच झाला. सूप संपल्याशिवाय नोई त्यांना एसटीला सोडत नसे, आणि गाडी चुकली तरी दाजींची कुरकुर नसे.

वर्ष संपत आलं, मुदतवाढीचा अर्ज केला. कचेरीची एक शंका फिटली की दुसरी यायची. तोच करार मी किती वेळा पाठवला देव जाणे. मालकही कंटाळले. ‘नाही मिळाली तर जाऊ दे तिला, पुन्हा हा व्याप नको,’ म्हणाले. नोईने मुकाट्याने बॅग भरायला घेतली. दाजी सूप निम्मं टाकू लागले. ‘लेकीसारख्या चेडवाक असा अर्ध्यावरना परत धाडूचा म्हंजे काय रे?’ हे मला दिवसातून दहादा ऐकवत, जणू मीच तिला धाडत होतो.

एका दुपारी मंजुरी आली. नोई हसता हसता रडली. दाजींनी देवाचे आभार मानायला नारळ ठेवला, आणि मी सहज बोलून गेलो, ‘दाजी, प्रकाश इतकी वर्षं आला नाही. त्याच्यासाठी कधी गाऱ्हाणं नाही घातलंत ते?’

दाजी नारळाची शेंडी सारखी करत राहिले.

‘तेका हंय येवक व्हिसा लागणा नाय रे,’ ते म्हणाले. ‘कोण अडवता तेका? मगे देवाकडे मी मागतलंय काय?’

सगळ्यांसाठी घसा फोडणाऱ्या या माणसासाठी देवापुढे उभं राहायला कोणीच नव्हतं. मी उठलो, हात जोडले. ‘बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो काय दाजींचो प्रकाश मस्कताक आसा, तेका...’ गाऱ्हाणी ऐकून माझे कान किटले होते, पण स्वतः घालायला गेलो तर शब्द सुचेनात.

‘नंबर सांग,’ दाजी खाली बघत म्हणाले. ‘प्रकाश हजार आसतीत.’

आणि कुठलीही फाईल न उघडता, एकेक आकडा सावकाश उच्चारत, त्यांनी मुलाच्या पासपोर्टचा नंबर सांगितला. तो जातानाचा. तो पासपोर्ट केव्हाच बदलला असणार, हे दाजींना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. नवा नंबर त्यांना कोणी कळवलाच नव्हता.

मी तोच जुना नंबर देवाला सांगितला. दाजी ‘व्हय’ म्हणायचं सोडून चष्मा पुसू लागले. नोई मात्र डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, ‘व्हय म्हाराजा!’