कपाटावरची बॅग

आरेखकांचा उजवा खांदा दुखावला तो एका ढगामुळे. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं.

जिमच्या खिडकीसमोर उभे राहून ते दोन्ही हातांतले डंबेल डोक्यावर नेत होते आणि बाहेर एक ढग हळूहळू बेटासारखा होत चालला होता. दिवसभर नकाशावर नद्या नि किनारे काढणाऱ्या माणसाला असं बेट दिसल्यावर आकडे मोजायचं भान कुठून राहणार? बेटाला खाडी फुटली, खाडीच्या तोंडाशी दीपगृह आलं. आरेखक मनातल्या मनात चपला काढून ओल्या वाळूवरून चालू लागले. आठाच्या जागी हात अठरा वेळा वर गेले आणि अठराव्याला खांद्यात बारीकसं ‘कट्’ झालं.

ट्रेनर धावत आली. “काका, आधी खांदे गरम केले होते का?”

“बाहेर ऊन आहे की चांगलं.”

“उन्हाने नाही हो! हात गोल फिरवायचे, रबरी पट्टा ओढायचा, मग वजन. आणि कालपर्यंत पाच किलो होतं, आज एकदम साडेसात कुणी सांगितलं? आता हात डोक्यावर न्यायचा नाही. दुखत राहिलं तर फिजिओकडे जा, अंगावर काढू नका.”

पण घरी सांगायची सोय नव्हती. बायको ग्रंथालयात नोकरीला होती आणि एकदा बोललेलं तिच्याकडे कायमचं नोंदलं जाई. जिमच्या पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, “या वयात खांदाबिंदा धरून आलात तर माझ्यापुढे कण्हायचं नाही.”

म्हणून आरेखक कण्हले नाहीत. डाव्या हाताने भांग पाडू लागले. तो डोक्यावरून नदीसारखा वळणं घेत गेला. नवल म्हणजे बायकोच्या ते लक्षातच आलं नाही. तीही हल्ली कुठेतरी हरवल्यासारखी असे. केस मोकळे सोडी. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ती खिडकीशी उभी राहिली की आरेखकांना लग्नानंतरचे पहिले दिवस आठवत आणि हातातला चहा निवून जाई.

बुधवारी ती म्हणाली, “शनिवारी लेकीकडे निघायचंय. नातीला पहिल्यांदा बघणार आपण. कपाटावरची मोठी बॅग काढता का?”

“बॅग कशाला? पिशव्या पुरतील.”

“मीही तेच म्हणणार होते,” बायको लगेच म्हणाली.

तीस वर्षांत त्यांचं एका वाक्यात एकमत झालं नव्हतं. कुणालाही शंका आली असती. आरेखक मात्र पडद्याची सावली भिंतीवर कशी हलते ते बघत होते.

गुरुवारी लेकीचा फोन आला. तिचं लहानपणीचं पांघरूण त्याच बॅगेत होतं आणि ते तिला बाळासाठी हवंच होतं. आता इलाज नव्हता. “तुझा हात पोचेल,” आरेखक म्हणाले. “उंच तुम्ही आहात,” बायको म्हणाली. शेवटी त्यांनी डाव्या हातात छत्री घेऊन बॅग पुढे ढकलली. बॅग डुलली, कलली आणि सुटली. नको तेवढ्या चपळाईने त्यांचा उजवा हात वर गेला.

“आई गं!”

ओरडणं दोन आवाजांत आलं. खोली हल्ली फार घुमते, असं आरेखकांना वाटून गेलं. बायको शेजारीच बॅगेची दुसरी बाजू धरून डोळे मिटून उभी होती.

“काय झालं?” तिने विचारलं.

“डोळ्यात धूळ गेली. तुला?”

“मलाही.”

शुक्रवारी ऑफिसात जादा काम आहे असं सांगून ते फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. बाईंनी हात फिरवून पाहिला. “स्नायू फाटलेला नाही, सूज आहे. पडून राहा जरा,” म्हणत त्यांनी शेकाचा दिवा लावला आणि त्या पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेल्या. ऊब हाडापर्यंत झिरपू लागली. आरेखकांचे डोळे मिटले, ते बेट पुन्हा दिसू लागलं. पलीकडून कुणा बाईचा आवाज लाटेसारखा येत होता.

“घरी सांगू नका हं. नवऱ्याला वाटतं, मी केस हौसेने मोकळे सोडते. बांधायला हात मागे जात नाही हो!”

बिचारा नवरा, आरेखकांना पेंगता पेंगता वाटलं. किती भाबडी माणसं असतात जगात!

मग ते ताडकन उठून बसले, खांद्यातून कळ गेली आणि तोंडातून “आई गं” निघालं.

“अहो?” पलीकडून आवाज आला.

बाईंनी पडदा सरकवला.

“तुझी तर आज पुस्तकमोजणी होती!”

“आणि तुमचं जादा काम?” मग ती जरा नरमली. “पलंगाखाली तुमचे डंबेल नुसते धूळ खात होते. म्हटलं, नातीला उचलून फिरवताना दम लागायला नको.”

“अगं, मी जिम लावली ती त्याचसाठी!”

“नात केवढी आहे?” बाईंनी विचारलं.

“तीन किलोची,” दोघंही एकदम म्हणाली.

बाईंनी क्षणभर छताकडे पाहिलं. “बसून मांडीवर घ्या तिला. बॅग चाकांवर ओढा, चांगल्या हाताने. आणि आता या भिंतीपाशी. बोटं हळूहळू वर चालवायची, दुखलं की थांबायचं.”

दोघं शेजारीशेजारी उभी राहिली. बोटं मुंग्यांसारखी भिंत चढू लागली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं.

“मी साडेसात किलोपर्यंत गेलो होतो,” आरेखक हळूच म्हणाले. “तू?”

बायको भिंतीकडेच बघत राहिली. तिची बोटं त्यांच्या बोटांच्या वीतभर वर होती.

“जाऊ द्या हो,” ती म्हणाली. “तुम्हाला उगाच वाईट वाटेल.”